गरगर फिरणारे निळे तारे आणि त्यांच्या अंगावर आलेला नायट्रोजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस गेला की दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत आम्ही चारपाच जणं दुर्बीण घेऊन गोव्याच्या सत्तरी तालुक्यात फिरतो, कधी वाळपईच्या शाळेचं मैदान, कधी केरीचा धरणाकडचा भाग, कधी चोर्ल्याच्या वाटेवर जिथे दिवे कमी दिसतील तिथे. लोक येतात शनीची कडी बघायला, पण बघून झाल्यावर चहा पिता पिता जे प्रश्न निघतात ते भलतीकडेच जातात. मी दोनतीन वर्षं एकाच विषयाच्या मागे लागलोय, मोठे गरम तारे स्वतःभोवती फिरतात त्यानं त्यांच्या पृष्ठभागावरची रसायनं बदलतात का, आणि मी त्यावर बोलायला लागलो की थांबत नाही हे सगळ्यांना माहीत झालंय. ग्रुपवर तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

विषय नक्की काय आहे? थोडक्यात सांगा.

सूर्याच्या आठदहा पट किंवा त्याहून जास्त वस्तुमानाचे तारे पोटात हायड्रोजन जाळतात आणि जाळताना तिथे नायट्रोजन साठत जातो. हा नायट्रोजन खोल आत असतो, आपल्याला दिसतो फक्त ताऱ्याचा वरचा पापुद्रा. आता तारा जर जोरात फिरत असेल तर आतलं वर ढवळून येईल का, हा प्रश्न. आलं तर वरच्या पापुद्र्यावर नायट्रोजन वाढलेला दिसेल आणि आपल्याला ताऱ्याचं पोट न फाडता आतलं कळेल.

मोठा आणि गरम म्हणजे किती?

सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,८०० केल्विन. आपण बोलतोय ते बी आणि ओ जातीचे तारे, म्हणजे बी जातीचे १०,००० ते ३०,००० केल्विन आणि ओ त्याच्याही वर, दिसायला निळसर पांढरे. सूर्य एकूण १,००० कोटी वर्षं जगणार, पण सूर्याच्या २० पट वस्तुमानाचा तारा एक कोटी वर्षांच्या आतबाहेरच संपतो. माल जास्त पण खर्च त्याच्या कितीतरी पट जास्त.

आणि फिरतात किती वेगानं?

सूर्य विषुववृत्तावर सेकंदाला २ किमी वेगानं फिरतो, एका फेरीला २५ दिवस. गरम मोठ्या ताऱ्यांमध्ये सेकंदाला १००, २००, ३०० किमी हे नेहमीचे आकडे. मोठा मॅजेलॅनिक मेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारची एक छोटी दीर्घिका, तिच्यात टॅरंट्युला नावाचा तेजोमेघ आहे, तिथे व्हीएफटीएस १०२ म्हणून तारा सापडला, २०११ मध्ये जाहीर झाला, सूर्याच्या २५ पट वस्तुमानाचा आणि वेग सेकंदाला ६०० किमीच्या घरात. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत आपला अख्खा गोवा सरळ रेषेत साधारण १०५ किमी, म्हणजे एका सेकंदात गोव्याच्या लांबीच्या साडेपाच पटींहून जास्त. मला हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री झोप नव्हती आली.

एवढ्या वेगानं फिरलं की तारा गोल राहत नाही, मधे फुगतो. मघा नक्षत्राचा मुख्य तारा म्हणजे मघाच, तो १६ तासांत एक फेरी मारतो आणि त्याची विषुववृत्ताकडची त्रिज्या ध्रुवाकडच्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशानं जास्त आहे. अग्रनद नावाचा तारा तर त्याहून चपटा. (मघा काही महाकाय तारा नाही, सूर्याच्या चौपटीच्या आसपास, पण फुगण्याचं उदाहरण म्हणून चांगला आहे.)

सगळं सोडून नायट्रोजनच का बघायचा?

हा खरा चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर नीट समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. सूर्यासारखा तारा प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची केंद्रकं, थेट एकमेकांवर आपटून हीलियम बनवतो. मोठ्या ताऱ्यात तापमान जास्त, तिथे दुसराच मार्ग चालतो, कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यामार्फत, हान्स बेथे आणि फॉन वाइत्सेकर यांनी १९३८-३९ च्या सुमाराला हा शोधून काढला. कार्बनला प्रोटॉन चिकटतो, त्याचा नायट्रोजन होतो, पुढे ऑक्सिजन, परत नायट्रोजन, आणि शेवटी हीलियम बाहेर पडून कार्बन परत मिळतो. म्हणजे कार्बन नायट्रोजन ऑक्सिजन स्वतः संपत नाहीत, फक्त फिरत राहतात. पण या साखळीतली एक पायरी फार संथ आहे, नायट्रोजन-१४ ला प्रोटॉन चिकटण्याची. बाकी पायऱ्या पटापट होतात आणि इथे येऊन लाईन लागते. अटल सेतू व्हायच्या आधी मांडवीच्या जुन्या पुलावर संध्याकाळी जशी गाड्यांची रांग लागायची, म्हापशाहून गाड्या सुसाट यायच्या आणि पुलाच्या तोंडाशी सगळ्या अडकायच्या, अगदी तसं. गाड्या कुठे साठल्या तर जिथे वाट अरुंद तिथे. तसा माल नायट्रोजनमध्ये साठतो.

आकड्यात सांगायचं तर सूर्यासारख्या मिश्रणात एका नायट्रोजन अणूमागे साधारण चार कार्बन आणि सात ऑक्सिजन असतात. सगळा कार्बन नायट्रोजन झाला तर नायट्रोजन पाचपट होतो, ऑक्सिजनसकट सगळं झालं तर बारापट. कार्बनचं पटकन होतं, ऑक्सिजनला वेळ लागतो. दुसरं कुठलं मूलद्रव्य एवढं उड्या मारत नाही, म्हणून खूण म्हणून नायट्रोजन. वर नायट्रोजन वाढलेला आणि कार्बन घटलेला दिसला की समजायचं हा माल भट्टीतून आलाय.

पण आतला माल आपोआप वर येणारच ना? उकळतंय म्हटल्यावर?

इथे बहुतेकांची गफलत होते. सूर्याचा बाहेरचा भाग उकळतो आणि आतला शांत. मोठ्या ताऱ्यात बरोबर उलटं, गाभा खदखदतो आणि त्याच्यावरचा जाड थर शांत, तिथून उष्णता फक्त प्रकाशातून वर जाते, माल हलत नाही. म्हणजे गाभ्यात नायट्रोजनचा ढीग लागला तरी पृष्ठभागाला त्याचा पत्ता नसतो.

उकड्या तांदळाची पेज डोळ्यासमोर आणा. चुलीवरून उतरवून ठेवली की शितं खाली बसतात आणि वर नुसतं निवळ पाणी. वरून बघणाऱ्याला वाटेल भांड्यात पाणीच आहे. करवंटीची दवली घालून एकदा फिरवली की शितं वर येतात. तारा स्वतःभोवती फिरतो तीच त्याची दवली, बाहेरून कोणी ढवळायला येत नाही. उदाहरण अगदी तंतोतंत नाही, कारण ताऱ्यात ढवळणं लाखो वर्षं अतिशय हळू चालतं, पण मुद्दा तोच.

फिरल्यानं ढवळतं कसं? भोवरा फिरतो तेव्हा आतलं लाकूड थोडंच ढवळतं?

लाकूड घट्ट असतं, तारा वायूचा. १९२४ मध्ये फॉन त्साइपेल यांनी दाखवलं की फिरणाऱ्या ताऱ्याचे ध्रुव जास्त गरम आणि विषुववृत्ताचा पट्टा थंड असतो, कारण विषुववृत्तावर फिरण्यामुळे गुरुत्वाची पकड ढिली होते आणि जिथे पकड ढिली तिथून उष्णता कमी बाहेर पडते. मघा ताऱ्यावर ध्रुव आणि विषुववृत्त यांच्यात हजारो अंशांचा फरक प्रत्यक्ष मोजलाय. आता असा फरक असला की आतल्या थरांमधला उष्णतेचा हिशोब जमत नाही आणि तो जमवायला वायू हळूहळू वाहायला लागतो, साधारणपणे ध्रुवाकडे वर आणि विषुववृत्ताकडे खाली. एडिंग्टन यांनी १९२५ मध्ये हे सांगितलं, स्वीट यांनी १९५० मध्ये वेग किती ते काढलं. सूर्यासारख्या संथ ताऱ्यात या एका वळशाला त्याच्या वयापेक्षा कितीतरी जास्त काळ लागेल म्हणून तिथे हे विसरा, पण जोरात फिरणाऱ्या मोठ्या ताऱ्यात हा वळसा आयुष्यभरात होण्याइतका वेगवान होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे थर एकमेकांवर घासणं. तारा वयात येतो तसा गाभा आकसतो आणि जास्त जोरात फिरतो, बाहेरचा भाग फुगतो आणि मंदावतो, फुगडीत हात आखडले की वेग वाढतो आणि लांब केले की कमी होतो तसं. वेगवेगळ्या वेगाचे थर शेजारी आले की मधे भोवरे उठतात आणि माल मिसळतो. झाँ-पॉल झान यांनी १९९२ मध्ये या दोन्ही गोष्टी एका गणितात बसवल्या आणि आज जी मॉडेलं चालतात ती बहुतेक त्याच पायावर.

मात्र एक अडथळा आहे. गाभ्यात हीलियम साठतं तसा गाभा जड होतो आणि जड थर खाली हलका वर असला की ढवळणाऱ्या प्रवाहाला तो जड थर उचलावा लागतो. तारा जितका म्हातारा तितकी ही भिंत उंच. म्हणून बहुतेक ढवळणं तरुणपणी होऊन जातं. ही भिंत किती मजबूत धरायची यावर वेगवेगळ्या गटांची मॉडेलं वेगवेगळी उत्तरं देतात, आणि खरी भांडणं इथेच आहेत.

हे सगळं इथून लाखो प्रकाशवर्षं लांब बसून मोजतात कसं?

ताऱ्याचा प्रकाश रंगांमध्ये पसरवला की त्यात काळ्या रेघा दिसतात, प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरलेल्या. गरम बी ताऱ्यात नायट्रोजनसाठी नेहमी वापरतात ती रेघ ३९९.५ नॅनोमीटरची. पण रेघ ठळक म्हणजे माल जास्त असं सरळ नसतं, तापमानावरही ते अवलंबून असतं, आणि हा हिशोब करायची किल्ली आपल्या मेघनाद साहांनी १९२० मध्ये दिली. त्यांचं समीकरण नसतं तर यातलं एक पान पुढे गेलं नसतं, हे मी प्रत्येक वेळी सांगतो आणि सांगत राहणार.

वेग पण त्याच रेघेतून कळतो. तारा फिरतो तेव्हा त्याची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते, त्यामुळे रेघ दोन्ही बाजूंना पसरते. जितकी पसरट तितका वेग जास्त. अडचण अशी की फार जोरात फिरणाऱ्या ताऱ्याची रेघ इतकी पसरते की नायट्रोजनची बारीक रेघ शेजारच्या रेघांत मिसळून पुसट होते, म्हणजे ज्या ताऱ्यांबद्दल आपल्याला सगळ्यात जास्त जाणून घ्यायचंय त्यांचाच नायट्रोजन मोजायला सगळ्यात कठीण.

आणखी एक फसवणूक आहे. भोवऱ्याकडे बाजूनं बघितलं तर फिरणं दिसतं, बरोबर वरून बघितलं तर त्याची कुठलीच बाजू आपल्याकडे येत नाही की लांब जात नाही. ताऱ्याचंही तसंच. अभिजित ताऱ्याचा मोजलेला वेग सेकंदाला जेमतेम २० किमी निघायचा, सगळे त्याला संथ म्हणायचे, नंतर कळलं की त्याचा ध्रुव जवळजवळ आपल्याकडेच आहे आणि खरा वेग २०० किमीच्या आसपास. म्हणून एका ताऱ्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, शंभर दोनशे तारे एकदम घ्यायचे, मग तिरकेपणाचा हिशोब सरासरीत बसतो.

मग नियम सोपा झाला की. जोरात फिरतो तो जास्त नायट्रोजनवाला. बरोबर ना मास्तर?

२००८ पर्यंत बऱ्याच जणांना असंच वाटत होतं. चिलीमध्ये पारानाल डोंगरावर ८.२ मीटरच्या दुर्बिणी आहेत, तिथे फ्लेम्स नावाचं यंत्र आहे, ते एका वेळी शंभरावर ताऱ्यांचा प्रकाश वेगवेगळ्या प्रकाशतंतूंतून घेतं. त्यानं मॅजेलॅनिक मेघांतले तारे घाऊक तपासले. मेघच का, तर तिथल्या सगळ्या ताऱ्यांचं अंतर आपल्यापासून जवळजवळ सारखं, आणि तिथे नायट्रोजन मुळातच कमी. मोठ्या मेघात एक लाख कोटी हायड्रोजन अणूंमागे साधारण ८० लाख नायट्रोजन, सूर्यात साधारण पावणेसात कोटी. पांढऱ्या कपड्यावर डाग पटकन दिसतो ना, तसं.

इयान हंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या मेघातल्या १३५ बी ताऱ्यांचा आलेख काढला, आडवा अक्ष वेग, उभा अक्ष नायट्रोजन. आज या आलेखाला हंटर आलेखच म्हणतात. मॉडेल म्हणत होतं तिरकी रेष यायला हवी, वेग वाढेल तसा नायट्रोजन. आणि आलं काय, तर हायड्रोजन जाळत असलेल्यांपैकी साधारण ६० टक्के मॉडेलशी बऱ्यापैकी जुळले, पण २० टक्के असे निघाले जे सेकंदाला ५० किमीपेक्षा हळू फिरतात आणि तरी नायट्रोजननं भरलेत, आणि आणखी २० टक्के जोरात फिरतात, वयानंही मोठे आहेत आणि तरी अंगावर नायट्रोजन नाही म्हणण्याइतका कमी.

मी हा आलेख प्रिंट काढून भिंतीवर लावलाय. दोन कोपरे, डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा, जिथे कोणी असायलाच नको होतं तिथे पाचातले दोन तारे जाऊन बसलेत. ६० टक्के जुळले म्हणून काम झालं असं म्हणता आलं असतं, पण त्या लोकांनी न जुळलेले ४० टक्के लपवले नाहीत, उलट सगळ्यांसमोर मांडले, आणि त्यामुळे पुढची सगळी वर्षं लोक त्या दोन कोपऱ्यांवर काम करतायत. मला या विषयात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

हळू फिरणाऱ्यांकडे नायट्रोजन आला कुठून?

काही जण तिरकेपणामुळे हळू दिसत असतील, पण २० टक्के त्यानं भरत नाहीत, आलेखात त्याचा हिशोब धरूनच सांगितलंय. दोन उत्तरं जास्त पटण्यासारखी आहेत आणि दोन्ही एकाच ताऱ्यात बघायला मिळतात.

ज्येष्ठा नक्षत्राचा लाल तारा सगळ्यांना माहीत, त्याच्या दोन बाजूंना दोन फिकट दिसणारे तारे आहेत, त्यातला खालचा म्हणजे टाऊ स्कॉर्पिआय. साध्या डोळ्यांनी दिसतो. सूर्याच्या १५ पटींच्या आसपास, बी जातीचा, आणि एका फेरीला ४१ दिवस घेतो, या जातीत हे म्हणजे कासव. आणि अंगावर नायट्रोजन वाढलेला. २००६ मध्ये कळलं की त्याला ५०० गाऊसच्या आसपासचं चुंबकीय क्षेत्र आहे, पृथ्वीच्या हजारपटीच्या जवळपास. चुंबकीय क्षेत्र असलं की ताऱ्यातून बाहेर पडणारा वारा त्या क्षेत्राला धरून लांबपर्यंत फिरतो आणि ताऱ्याचा वेग खातो, ब्रेक लागल्यासारखं. म्हणजे आधी जोरात फिरला असेल, ढवळला असेल, आणि मग मंदावला असेल. हे एक.

दुसरं, असा तारा मुळात दोन ताऱ्यांचा मिळून झालेला असू शकतो. दोन जवळचे तारे एकमेकांत शिरले की आतलं वर येणार, आणि त्या घुसळणीत चुंबकीय क्षेत्रही तयार होऊ शकतं, २०१९ मध्ये कॉम्प्युटरवर हे करून दाखवलं, टाऊ स्कॉर्पिआयसारखाच तारा निघाला. पण मोठ्या ताऱ्यांमध्ये चुंबकीय क्षेत्र सापडतं ते दहातल्या एखाद्यातच, म्हणून सगळे २० टक्के याच खात्यात टाकायला मी तरी तयार नाही.

आणि जोरात फिरणारे कोरे कसे राहिले?

यासाठी फुगडीकडे यायला लागतं. चवथीला अंगणात दोन बायका हात धरून फुगडी घालतात तेव्हा कोणी कोणाला फिरवलं हे बघणाऱ्याला सांगता येत नाही. मोठे तारे एकेकटे क्वचितच असतात. २०१२ मध्ये सना आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला की ओ जातीच्या ताऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त तारे आयुष्यात कधीतरी जोडीदाराशी मालाची देवघेव करणार. देवघेवीत माल घेणारा तारा नुसता माल घेत नाही, फिरण्याचा वेगही घेतो. म्हणजे आज जो जोरात फिरताना दिसतो तो जन्मापासून तसा फिरत होता हे गृहीत धरायचं काही कारण नाही. तो काल वेगात आला असेल आणि तेव्हापर्यंत त्याच्या गाभ्याभोवती जड हीलियमची भिंत उभी राहिली असेल, मग आता कितीही फिरा, आतलं वर येत नाही.

बीई तारे म्हणून एक जात आहे, सेकी यांनी १८६६ मध्ये शर्मिष्ठेतल्या गॅमा ताऱ्यात पहिल्यांदा ओळखली. हे इतके जोरात फिरतात की अंगाभोवती वायूची चकती तयार होते. ढवळण्याचं मॉडेल सरळ लावलं तर हे नायट्रोजननं ओसंडायला हवेत. मॅजेलॅनिक मेघांतले तपासले तर तेवढा नायट्रोजन नाही. हे उशिरा वेगात आलेले असावेत या विचाराला इथून बळ मिळतं.

म्हणजे फिरण्यामुळे ढवळतं ही गोष्टच खोटी का?

नाही, आणि हे मी जरा जोर देऊन सांगतो कारण आमच्यातलेच एकदोघं आता सगळं जोडीदारावर ढकलायला लागलेत. बोरॉनकडे बघा. बोरॉन फार नाजूक, ५०-६० लाख अंशांतच नष्ट होतो, म्हणजे ताऱ्याच्या अगदी वरच्या भागातच शिल्लक असतो. थोडंसं ढवळलं तरी वरचा बोरॉन खाली जाऊन जळतो आणि पृष्ठभागावर कमी होतो, नायट्रोजन वर यायच्या कितीतरी आधी. जोडीदाराकडून भट्टीतला माल अंगावर पडला असता तर बोरॉन कमी आणि नायट्रोजन जास्त हे दोन्ही एकत्र दिसलं असतं. हबलच्या अतिनील निरीक्षणांत असे तारे सापडलेत ज्यांच्यात बोरॉन घटलाय पण नायट्रोजन अजून जागचा हललेला नाही. हे हळूहळू आतूनच ढवळलं जाण्याचं लक्षण. (बोरॉनची रेघ अतिनील भागात आहे, हवेमुळे जमिनीवरून दिसत नाही, म्हणून अवकाशातली दुर्बीण लागते आणि म्हणूनच असे मोजलेले तारे थोडे आहेत, याचं वाईट वाटतं.)

आणखी एक वाट म्हणजे ताऱ्याचं कंपन. केप्लर यानानं वर्षानुवर्षं ताऱ्यांचा उजेड किती कमीजास्त होतो ते मोजलं, त्यातून आतली कंपनं कळतात आणि कंपनांतून आतलं मिश्रण. २०२१ मध्ये २६ बी ताऱ्यांचं असं काम आलं, सूर्याच्या साधारण तीन ते दहा पट वस्तुमानाचे, आणि प्रत्येकात ढवळणं वेगवेगळ्या प्रमाणात निघालं, एकच आकडा सगळ्यांना लावता येत नाही. मग इतकी वर्षं मॉडेलांत एकच आकडा घालून चालत होते त्याचं काय, असं विचारणारी एक कॉलेजची मुलगी केरीला भेटली होती. प्रश्न अगदी बरोबर जागी होता.

फिरण्याशिवाय आणि जोडीदाराशिवाय नायट्रोजन वर येऊ शकतो का?

येतो. फार मोठ्या ताऱ्यांचा वारा इतका जोरदार की वरचे थर उडून जातात आणि आतलं आपोआप उघडं पडतं, वोल्फ-राये तारे असे. आणि म्हातारपणी तारा लाल महातारा झाला, काक्षीसारखा, की बाहेरचा भाग उकळायला लागतो आणि खालचा माल वर ओढतो. म्हणून ढवळण्याची परीक्षा घ्यायची तर तरुण, हायड्रोजन जाळणारे तारेच घ्यायचे, म्हातारे घेतले की गोंधळ.

हीलियमचं काय?

तेही वाढतं, पण आधीच भरपूर असल्यामुळे थोडी वाढ कळत नाही.

हे सगळं कळून उपयोग काय?

ढवळलं की गाभ्याला वरून नवा हायड्रोजन मिळतो, तारा जास्त जगतो, जास्त तेजस्वी होतो आणि शेवटी वेगळ्या तऱ्हेनं मरतो. २३ फेब्रुवारी १९८७ ला मोठ्या मेघात जो तारा फुटला, तो निळा महातारा होता, लाल नव्हता, आणि त्याच्याभोवतीच्या कड्यांत नायट्रोजन जास्त सापडला. तेव्हापासून निळा का हा प्रश्न लोकांना छळतोय.

टोकाचं उदाहरण म्हणजे तारा इतका फिरला की वरपासून खालपर्यंत सगळा एकजीव झाला. आंद्रे मेडर यांनी १९८७ मध्ये अशी वाट दाखवली. असा तारा फुगत नाही, निळाच राहतो आणि आकसत जातो. दोन असे तारे अगदी जवळ असले तरी फुगत नसल्यामुळे एकमेकांत न शिरता दोघांची दोन कृष्णविवरं होऊ शकतात आणि नंतर ती एकमेकांवर आदळू शकतात. १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वलहरी पहिल्यांदा पकडल्या त्या सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाच्या विवरांच्या होत्या, आणि अशा जोड्या बनायच्या वाटांपैकी ही एक धरतात. आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वलहरी पकडणारं केंद्र, लायगो इंडिया, उभं राहतंय, २०२३ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली. तिथे उद्या जी थरथर पकडली जाईल तिचं मूळ कुठल्यातरी ताऱ्याच्या ढवळण्यात असू शकतं.

आमचा मुलगा मूळ नक्षत्रावर जन्मलाय. या ताऱ्यांचा काही त्रास?

हे दर सीझनला कोणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतं, म्हणून इथे लिहितो. मूळ नक्षत्रातला ठळक तारा, वृश्चिकाच्या नांगीवरचा, खरंच एक गरम मोठा बी तारा आहे आणि जोडीदारांसोबत आहे. तो कित्येक शे प्रकाशवर्षं लांब आहे. त्याचा तुमच्या मुलावर काहीही परिणाम नाही. मुलाला रात्री घेऊन या, त्याला त्याचा तारा दाखवतो.

गोव्यातून यातलं काय बघता येईल?

नायट्रोजन डोळ्यांनी दिसत नाही हे आधीच सांगतो, पण ज्या ताऱ्यांबद्दल एवढं बोललो ते दिसतात आणि ते बघितल्यावर वाचलेलं पक्कं बसतं.

नोव्हेंबरच्या शेवटी रात्री नऊच्या सुमाराला दक्षिणेला अग्रनद बघा, गोव्यातून तो क्षितिजापासून १७ अंशांपर्यंतच चढतो, हात लांब करून मूठ धरली की दहा अंश होतात, म्हणजे पावणेदोन मुठी. समुद्राच्या बाजूला धुकट असतं, काणकोणच्या किनाऱ्यावरून दक्षिण मोकळी मिळाली तर छान. मोठा मॅजेलॅनिक मेघ गोव्यातून जेमतेम पाच अंश वर येतो, धुक्यात बुडतो, त्याच्या मागे लागू नका.

फेब्रुवारी मार्चमध्ये व्याध आणि अगस्ती दोन्ही दिसत असतात, त्यांच्या पूर्वेला नाओस आहे, ओ जातीचा, ४०,००० केल्विनच्या आसपास, १.७८ दिवसांत एक फेरी, अंगावर नायट्रोजन आणि हीलियम दोन्ही वाढलेलं. ओ तारा साध्या डोळ्यांनी बघायची ही चांगली संधी.

आणि माझा लाडका, भुजंगधारीतला झीटा. मे महिन्यात रात्री अकरानंतर, किंवा पावसानं लवकर सोडलं तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला संध्याकाळी पश्चिमेला. सूर्याच्या २० पट, सेकंदाला ४०० किमीनं स्वतःभोवती फिरतोय आणि एकटाच आकाशात पळत सुटलाय, समोरचा वायू होडीच्या नाळेसमोरच्या पाण्यासारखा दुभंगलेला अवरक्त फोटोत दिसतो. एकटा का, तर त्याचा जोडीदार फुटून गेला असं मानतात, फुगडीत एकानं हात सोडला की दुसरा कसा लांब फेकला जातो. फुटायच्या आधी त्यानं आपला माल आणि वेग याला दिला, म्हणून याच्या अंगावर वाढलेलं हीलियम आणि नायट्रोजन स्वतःचं किती आणि त्या गेलेल्याचं किती यावर अजून काम चालू आहे. अंधार असेल तर डोळ्यांनीच दिसतो, दुर्बिणीची गरज नाही.